एक महिन्याची मुदत : गोवा, नागरिकत्व आणि हक्कांमागचे राज्य

गोव्यात निवडणूक जवळ आली की पोर्तुगीज पासपोर्टचा विषय हमखास निघतो. कुणाचा भारतीय पासपोर्ट रद्द झालेला असतो, कुणाचे नाव मतदार यादीतून वगळण्याची नोटीस आलेली असते, कुणाचे ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळणारे कार्ड, एका कागदावाचून अडलेले असते. बोलणे सगळे दाखल्यांचे आणि एजंटांच्या फीचे चालते. त्याच्या तळाशी असलेला वाद मात्र बराच मोठा आहे. लोकशाही आणि मानवी हक्क यांना राष्ट्र-राज्याचा आधार लागतोच का, की माणसाचे माणूस म्हणून असलेले हक्क कुठल्याही राज्याच्या शिक्क्यावाचून टिकू शकतात? या वादाची मुळे शोधणारे सहसा १७८९ च्या फ्रान्सकडे किंवा दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या युरोपीय निर्वासितांकडे जातात. मराठी वाचकाला इतके लांब जायचे कारण नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातल्या सासष्टीत जन्मलेला एखादा माणूस डोळ्यांपुढे आणा. जन्मला तेव्हा तो पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा नागरिक. पुढे जागचा न हलता तो हुकूमशाहीतल्या वसाहतीचा रहिवासी झाला, मग कागदोपत्री 'सागरपार प्रांता'तला पोर्तुगीज, मग काही महिने लष्करी राज्यपालाच्या अमलाखालचा माणूस, मग भारतीय नागरिक. हयात असता तर १९९३ नंतर युरोपीय संघाचा नागरिक होण्याची वाटही त्याला मोकळी होती. या प्रत्येक वळणावर त्याच्या हक्कांचे काय झाले, एवढेच तपासले तरी वरच्या प्रश्नाचे पुष्कळ काही हाती लागते.

जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे बरोबरी दिली, सरकारी नोकरी खुली केली, मराठी नियतकालिकांना बहर आला. १९२६ च्या लष्करी उठावाने हे संपवले. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याला पुन्हा वसाहतीच्या पायरीवर बसवले. १९३३ च्या राज्यघटनेत भाषण, सभा आणि संघटना यांचे स्वातंत्र्य लिहिलेले होतेच, फक्त त्यांचे नियमन खास कायद्यांनी होईल अशी पुस्ती जोडलेली होती. त्या पुस्तीतच सगळे आले. सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय लग्नपत्रिकासुद्धा छापता येत नसे, असे त्या पिढीतले लोक सांगत. जगाने मान्य केलेले, पूर्ण सार्वभौम, शतकानुशतकांचे राष्ट्र-राज्य आणि आत ना लोकशाही ना हक्क. राष्ट्र-राज्य असले की लोकशाही येतेच असे मानणाऱ्यांनी लिस्बनची ही चार-साडेचार दशके विसरू नयेत.

१८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेचा उल्लेख गोवा मुक्तीच्या प्रत्येक लेखात असतो. तपशील वाचकांना ठाऊक आहेत. सहसा निसटते ते एवढेच, की त्या दिवशी पुढे आलेली मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. परवानगीशिवाय सभा घेता यावी, बोलता यावे, छापता यावे. बाहेरून आलेल्या समाजवादी नेत्याने बंदी मोडली, त्याला अटक झाली. सीमा कुठे असावी हा प्रश्न तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि दिल्लीत अजून इंग्रजांचेच राज्य असल्याने तसा तो असणे साहजिकही होते. हक्कांची मागणी आधी आली आणि राष्ट्राची नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो उलटा झाला. नागरी स्वातंत्र्य मागणाऱ्या एका ज्येष्ठ गोमंतकीय विचारवंताला लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. इतके झाल्यावर 'आधी राज्य बदला, हक्क मागाहून बघू' असे लोकांना वाटू लागले तर नवल नाही.

दोन्ही बाजू राष्ट्राच्याच

१९५१ मध्ये पोर्तुगालने घटना दुरुस्त केली आणि वसाहतींचे 'सागरपार प्रांत' झाले. बदल नावापुरता होता, पण हेतू नेमका होता. गोवा ही वसाहत नसून अनेक खंडांत पसरलेल्या एकाच राष्ट्राचा भाग आहे, असे म्हटले की वसाहतींविषयीची आंतरराष्ट्रीय बंधने लागू होत नाहीत. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर पोर्तुगालने हेच उत्तर दिले : आमच्याकडे स्वशासन नसलेले प्रदेश नाहीतच. डिसेंबर १९६० मध्ये महासभेने हा युक्तिवाद फेटाळला आणि पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची यादीच ठरावात घातली. त्यात गोव्याचे नाव होते. त्याच वेळच्या दुसऱ्या ठरावात अशा प्रदेशाच्या सुटकेचे तीन मार्ग सांगितले होते : स्वतंत्र राज्य होणे, दुसऱ्या राज्याशी मुक्त सहयोग करणे किंवा त्यात सामील होणे. सामील व्हायचे तर तिथल्या लोकांनी आपली इच्छा मोकळेपणी व्यक्त केलेली असली पाहिजे, अशी अटही होती.

भारताचा युक्तिवादही राष्ट्राचाच होता. गोवा हा भारताचा अविभाज्य भाग, वसाहतवादाने तोडलेला. दोन राष्ट्रे एकाच भूमीला आपले अंग म्हणत होती आणि तिथल्या सुमारे सहा लाख माणसांना विचारायची गरज दोघांनाही वाटत नव्हती. फरक होता तो एवढाच, पण तो फार मोठा होता, की एका बाजूला गुप्त पोलीस होते आणि दुसऱ्या बाजूला सार्वत्रिक मताधिकार. हा फरक किरकोळीत काढून 'दोघेही सारखेच' म्हणण्याची एक चाल अलीकडे दिसते. ती पटण्याजोगी नाही.

याच काळात दादरा आणि नगर हवेलीत एक विलक्षण गोष्ट घडली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी, ज्यांत मराठी तरुण मोठ्या संख्येने होते, हे प्रदेश पोर्तुगीजांकडून सोडवले. पण भारताने ते लगेच आपल्यात घेतले नाहीत. १९६१ पर्यंत तिथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. जगातल्या कुठल्याही राज्याने मान्यता न दिलेला, तरी सात वर्षे चाललेला कारभार. मध्यंतरी पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. एप्रिल १९६० चा निकाल असा की पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क होता, सैन्यासाठी नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कुणीतरी 'राज्यप्रमुख' हवा, म्हणून एका भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरता तिथला पंतप्रधान करण्यात आले. राज्य नसलेल्या लोकांना राज्यात सामील होण्यासाठी आधी घटकाभर राज्य व्हावे लागले. आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्र-राज्याशिवाय इतर कुणाशी बोलायला किती नाखूश असतो, त्याचा याहून बोलका दाखला शोधून सापडायचा नाही. पंचायतीचा कारभार हे राज्यावाचून लोकशाहीचे उदाहरण मानायचे का? मोह होतो, पण भोवताली भारताचा पहारा नसता तर तो आठवडाभरही टिकला नसता.

डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई, १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे या ठरावाला पडलेली सात विरुद्ध चार मते आणि सोव्हिएत नकाराधिकार, हे सर्वज्ञात आहे. कमी बोलले जाते ते त्यानंतरच्या सूडाविषयी. पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांच्या मालमत्ता गोठवल्या आणि अनेकांना देशाबाहेर काढले. त्यांचा गोव्याशी काही संबंध असो वा नसो, पासपोर्ट पुरेसा होता.

२८ मार्च १९६२

आता ज्या निर्णयावर आजचे बरेच वाद उभे आहेत त्याकडे. गोवा ताब्यात आल्यावर तीन महिन्यांनी, २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला. आधार होता १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे सातवे कलम. नवा प्रदेश भारताचा भाग झाला तर तिथले कोण भारतीय नागरिक होतील हे सरकारने आदेशाने ठरवावे, असे ते कलम सांगते. आदेशाचा आशय असा : २० डिसेंबर १९६१ पूर्वी जी व्यक्ती, तिच्या आई-वडिलांपैकी कुणीही किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही गोवा, दमण वा दीवमध्ये जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवशी भारतीय नागरिक झाली असे मानले जाईल. अपवाद एक. आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत जो लेखी जाहीर करील की मला आधीचेच राष्ट्रीयत्व ठेवायचे आहे, तो भारतीय नागरिक होणार नाही.

एक महिना. मार्चअखेर ते एप्रिलअखेर.

या मुदतीवर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आदेश उदार होता हे आधी मान्य केले पाहिजे. अर्ज नको, शपथ नको, पुरावा घेऊन रांगेत उभे राहणे नको. आजोबा-आजींपैकी एकाचा जन्म पुरे. कुणी राज्यहीन राहू नये अशी त्याची रचना होती. साठ वर्षांनंतर आसाममध्ये नागरिकत्वाचा भार माणसावर टाकला गेला आणि २०१९ च्या अंतिम यादीतून एकोणीस लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले, ते पाहिले की १९६२ ची सढळ हाताने नागरिकत्व वाटण्याची वृत्ती उठून दिसते. सरकारची अडचणही खरी होती. पोर्तुगाल बोलायला तयार नव्हता, त्यामुळे कराराने काही ठरवणे शक्य नव्हते. आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली, ती मतदार कोण हे इतक्या लवकर ठरले म्हणूनच होऊ शकली.

पण पाँडिचेरीशी तुलना केली की चित्र जरा बदलते. फ्रान्सशी झालेला हस्तांतरणाचा करार १९५६ चा, अमलात आला ऑगस्ट १९६२ मध्ये, म्हणजे गोव्याच्या आदेशानंतर अवघ्या काही महिन्यांनी. त्यात फ्रेंच राष्ट्रीयत्व राखण्याची निवड करायला सहा महिने दिले होते. ज्यांनी ती निवड केली त्यांची कुटुंबे आजही पाँडिचेरीत राहून फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान करतात. त्याच देशाने, त्याच वर्षी, एका किनाऱ्यावर सहा महिने दिले आणि दुसऱ्यावर एक. याचे कारण माणसांच्या हक्कांत काही फरक होता असे नाही. एका ठिकाणी दुसरे राज्य टेबलापलीकडे बसलेले होते, दुसऱ्या ठिकाणी ते बसायला तयार नव्हते. ज्याच्या वतीने राज्य भांडते त्याला सहा महिने मिळतात. मुदतीचा हा हिशेब गोव्यातल्या चर्चेत पुरेसा येत नाही. 'ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते त्यांना संधी दिली होती ना' एवढ्यावर विषय आटोपला जातो. नुकत्याच बदललेल्या राजवटीत, लष्करी राज्यपालाच्या अमलाखाली, वैऱ्याचे राष्ट्रीयत्व राखतो असे लिहून द्यायला माणसाजवळ किती धैर्य हवे, याचाही विचार त्यात नसतो.

फार थोड्यांनी तसे लिहून दिले. त्यांतला एक होता ख्रिस्ती धर्मगुरू. जन्माने गोव्याचा, राहणारा गोव्याचा, एप्रिल १९६२ मध्ये त्याने पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखत असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट १९६४ मध्ये त्याने परदेशी म्हणून नोंदणीचा अर्ज केला. राहण्याचा परवाना १९ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा मिळाला. त्याने तो वाढवून मागितला नाही. आपल्याच गावात राहायला परवाना कसला, असा त्याचा पवित्रा दिसतो. देश सोडण्याचा हुकूम निघाला, त्याने तो पाळला नाही, आणि परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्याला तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला.

शिक्षा हलकी होती, पण मुद्दा जड होता, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धर्मगुरूच्या बाजूने मांडणी अशी : गोवा हा युद्धाने ताब्यात घेतलेला प्रदेश आहे. चौथ्या जिनिव्हा करारानुसार व्यापलेल्या प्रदेशातल्या संरक्षित माणसांना तिथून हाकलता येत नाही. हा प्रदेश आपल्यात सामील केला असे व्यापणाऱ्या राज्याने जाहीर केले, तरी ते संरक्षण जात नाही. भारताने हे करार १९६० च्या कायद्याने आपल्या कायद्यात आणले आहेत, तेव्हा न्यायालयाने ते लागू करावेत.

मार्च १९६९ मध्ये न्यायालयाने अपील फेटाळले. कारण थोडक्यात असे की लष्करी ताबा ही युद्ध चालू असतानाची तात्पुरती अवस्था आहे. लढाई संपली, प्रतिकार उरला नाही, प्रदेश घटनेनुसार भारतात सामील झाला, मग 'व्यापलेला प्रदेश' उरतच नाही. आणि तो उरला नाही की त्यासाठीचे संरक्षणही संपते. पोर्तुगालने अजून मान्यता दिलेली नाही हा मुद्दाही चालला नाही. गोवा भारताचा भाग आहे का, हे भारतातली न्यायालये आपल्या सरकारच्या भूमिकेवरूनच ठरवणार.

कायद्याच्या अंगाने निकाल भक्कम आहे आणि त्याच्यावर उलटसुलट लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण तेवढे मान्य करतात. खटकते ते वेगळे. जगातल्या प्रत्येक माणसासाठी म्हणून लिहिलेला एक करार त्या माणसाच्या कामी यायचा तर आधी एका राज्याने 'होय, हा प्रदेश व्याप्त आहे' असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणणे ज्या राज्याच्या हाती आहे त्याच्याच विरुद्ध तर तो करार वापरायचा असतो. तरीही दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. परदेशी ठरलेल्या, शत्रुराष्ट्राचे नागरिकत्व उघडपणे मिरवणाऱ्या माणसाला पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात घटनापीठासमोर म्हणणे मांडता आले. लिस्बनमध्ये हे शक्य नव्हते. याच वर्षाच्या जानेवारीत पोर्तुगालच्या तुरुंगातून एक माणूस सुटला. मूळचा सांगलीकडचा, गोव्यात मराठी शिकवायला गेलेला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेलेला. ज्या गोव्यासाठी तो लढला तो मुक्त होऊन सात वर्षे लोटली होती, तरी तो तिकडे कोठडीतच होता, कारण पोर्तुगालच्या दप्तरी गोवा अजून पोर्तुगालच होता.

हीच 'नव्या राज्याने मान्य केले तेवढेच उरते' ही रीत मालमत्तेलाही लागू झाली. दमणच्या एका व्यापाऱ्याला पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या आठवड्यांत मिळालेले आयात परवाने पुढे चालतील का, या प्रश्नावर न्यायालयाने आधीच नकार दिला होता. नव्या सत्तेने जुने हक्क पत्करले तर ते आहेत, नाहीतर नाहीत. गंमत म्हणजे त्याच नव्या सत्तेने १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मात्र ठेवून घेतली. गोव्यातली लग्ने आणि पती-पत्नींची सामाईक मिळकत आजही बहुतांशी त्याच कायद्याने चालते, आणि समान नागरी कायद्याच्या वादात ती आदर्श म्हणून दाखवली जाते. राज्य गेले तरी त्याचा कायदा मागे राहू शकतो, पण दुसऱ्या राज्याने ठेवून घेतला तर.

कौल कुणाचा?

लोकशाहीच्या बाजूने पाहता १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल अधिक बोलका आहे. स्वतंत्र भारतात अशा प्रकारे लोकांना थेट विचारल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. महाराष्ट्रात या निकालाची हळहळ अजूनही कुठेकुठे ऐकू येते. ती इथे बाजूला ठेवू.

प्रश्न होता मतदार कोण, हा. मुंबईत तेव्हा हजारो गोमंतकीय राहत होते. धोबी तलावच्या कुडींतून, म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेल्या वसतिघरांतून, राहणारे खलाशी आणि स्वयंपाकी होते, गिरगाव-दादरकडचे मराठी बोलणारे कारकून आणि शिक्षक होते. त्यांना मत द्यावे ही मागणी झाली आणि मान्य झाली नाही. उलट महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरून तक्रारी होत राहिल्या. म्हणजे गोव्याचे लोक कोण, हे मतदानाने ठरलेले नव्हते. ते आधी दिल्लीत ठरले आणि मग त्या लोकांनी कौल दिला. लोकशाहीत हे कोडे कुठेच सुटलेले नाही. लोकांनी निर्णय घ्यायचा, पण लोक म्हणजे कोण याचा निर्णय लोकांनी कसा घ्यायचा? तिथे राज्याची सीमा आयतीच कामाला येते. राष्ट्र-राज्याशिवाय लोकशाही नाही असे म्हणणाऱ्यांचा हाच सगळ्यात मजबूत मुद्दा आहे.

तिसरा पर्याय, भारताबाहेर राहण्याचा, मतपत्रिकेवर नव्हता. काही अभ्यासक त्यावर बोट ठेवतात आणि १९६० च्या ठरावातली अट कधी पुरी झालीच नाही असे म्हणतात. दुसरे म्हणतात की १९६३ च्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष भारतात राहणे गृहीत धरूनच लढले आणि भरघोस मतदान झाले, यापलीकडे इच्छा आणखी काय व्यक्त करायची? मला दुसरे म्हणणे अधिक वजनदार वाटते, पण पहिले निराधार म्हणता येणार नाही. गोव्यातल्या कौलाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली : राष्ट्राच्या आत, राष्ट्राहून लहान असलेल्या एका समूहाला आपले म्हणणे बहुमताने नोंदवता येते आणि मोठ्या शेजाऱ्याला ते मानावे लागते. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाले ते त्याच वाटेने.

पासपोर्टची वाट

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही पडली. वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, नव्या सरकारने दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण एक गोष्ट मागे उरली. पोर्तुगालच्या कायद्याने १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक जन्मतः पोर्तुगीज होते, आणि त्यांची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधकाकडे करता येते. त्यांच्या मुलानातवंडांनाही ती वाट मोकळी राहिली. १९६२ च्या एक महिन्यात जे दार बंद झाले असे भारताला वाटत होते, ते पलीकडच्या बाजूने उघडेच होते.

या वाटेला गर्दी झाली ती पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर, आणि त्याहून जास्त १९९३ मध्ये युरोपीय नागरिकत्व आल्यावर. गोव्याचा माणूस पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लिस्बनला फारसा थांबला नाही, तो इंग्लंडला गेला. स्विंडनसारख्या गावात गोंयकारांची वस्ती उभी राहिली. भाषा कोंकणी, पासपोर्ट पोर्तुगीज, नोकरी इंग्लंडमधल्या गोदामात, आणि स्थानिक निवडणुकीत मत युरोपीय म्हणून. राष्ट्र आणि हक्क यांची फारकत झाल्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, असे तेव्हा म्हणता आले असते. त्याच १९९३ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने मात्र बजावले होते की युरोपीय संघाची लोकशाही वैधता मुख्यतः राष्ट्रांच्या संसदांतूनच येते.

२०१६ च्या ब्रिटिश सार्वमतात याची परीक्षा झाली. मतदानाचा हक्क ब्रिटिश, आयरिश आणि तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना होता. इतर युरोपीय नागरिकांना जवळपास नव्हताच. परिणाम असा की स्विंडनमध्ये राहणाऱ्या गोव्याच्या दोन भावांपैकी ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट, त्याला युरोपचा प्रश्न ठरवण्यासाठी मत होते. ज्याने युरोपीय होण्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडले, त्याला नव्हते.

२०२२ मध्ये युरोपीय न्यायालयासमोर एक उलट प्रकरण आले. फ्रान्समध्ये दशकानुदशके राहणाऱ्या एका ब्रिटिश बाईचे गावच्या मतदार यादीतले नाव ब्रेक्झिटनंतर कापले गेले. फार वर्षे बाहेर राहिल्यामुळे ब्रिटनमधले मत आधीच गेलेले. न्यायालयाने सांगितले की युरोपीय नागरिकत्व सदस्य राज्याच्या नागरिकत्वातूनच येते, ते राज्य बाहेर पडले की तेही गेले. तिला कुठेच मत उरले नाही.

भारताच्या घटनेत ही सीमारेषा कलमाकलमांतून गेलेली आहे. चौदावे आणि एकविसावे कलम कुणाही व्यक्तीला, एकोणिसावे फक्त नागरिकाला. याच आधारावर १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांचा जीव वाचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ते नागरिक असोत वा नसोत, असा आदेश झाला. आणि याच आधारावर १९९१ मध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या व पुन्हा २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या बाबतीत सांगण्यात आले की हाकलले न जाण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला चिकटलेला आहे, आणि तो नागरिकाचाच. घरात आहे तोवर मारायचे नाही, पण घराबाहेर काढता येईल. युरोपात ही रेषा ओलांडायला स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय आहे, पोर्तुगाल १९७८ पासून त्याला बांधलेला आहे. आशियात तसे काही नाही.

गोव्यातला आजचा वाद या सगळ्याच्या शेवटी येतो आणि दिसायला अगदी कारकुनी आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा समजतात. पण पासपोर्ट न काढता नुसती लिस्बनला जन्माची नोंद केली असेल तर? मुलाला पुढे वाट मोकळी राहावी म्हणून म्हाताऱ्या आईने नोंद केली, ती स्वतः मडगावच्या बाहेर कधी गेलीही नाही, अशी घरे कमी नाहीत. नोंद हीच नागरिकत्व घेण्याची क्रिया, असे एक मत. नोंद म्हणजे जन्मापासून असलेल्या गोष्टीला दिलेला दाखला, त्यात 'घेणे' काहीच नाही, असे दुसरे. दुसरे मत पोर्तुगालच्या कायद्याशी अधिक जुळते, पहिले भारताच्या सोयीशी. या मुद्द्यावरून निवडून आलेल्या आमदारांवरही आक्षेप घेतले गेले. अनेकांचे भारतीय पासपोर्ट माहिती दडवल्याच्या कारणाने रद्द झाले, आणि रद्द झालेला पासपोर्ट परत करता येत नसल्याने ओसीआय कार्डासाठी लागणारा परतीचा दाखलाही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्राने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांसाठी पासपोर्ट रद्द झाल्याचाच दाखला चालेल असे कळवले. हे कार्डाचा अडसर दूर करण्यासाठी होते. कार्ड हातात असले तरी मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि केवळ नोंदीने नागरिकत्व जाते की नाही, याचा निर्णय सर्वांसाठी एकदाच न होता माणसागणिक, फाइलीगणिक चालू आहे.